बाण पुसणारे काका

आम्ही डोंबिवलीला राहायचो तेव्हा आमच्या डोक्यावर एक माणूस सतत चालत असे. वरच्या मजल्यावरचे काका. बसणं म्हणून काही असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. दाढी करताना चालायचे, पेपर वाचताना चालायचे, फोनवर बोलताना तर इतके चालायचे की पलीकडच्या माणसालाच धाप लागत असेल. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून गॅलरी, गॅलरीतून परत हॉल. राहायला आलो त्याच आठवड्यात मी तणतणत वर गेले. दार काकूंनी उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "आवाजाचं ना? आधीचे लोकही यायचे. या, चहा घ्या. ह्यांचं काही होणार नाही. सप्तपदीची सात पावलं सांगितली तर हे नऊ चालले होते." मी चहा पिऊन मुकाट खाली आले.

आता आम्ही शहाडला असतो, अगदी वरच्या मजल्यावर. डोक्यावर फक्त पाण्याची टाकी. इतकी शांतता मला सोसत नाही, आणि याला जबाबदार काकाच.

त्यांच्यासोबत डोंगरात जायला लागले ते साखरेमुळे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायचे. काका गॅलरीतून बघायचे. एक दिवस वरूनच म्हणाले, "अगं, घाण्याला जुंपल्यासारखी काय फिरतेस? रविवारी चल माझ्याबरोबर." मला वाटलं, म्हातारे गृहस्थ, जातील एखाद्या बागेत. त्यांनी मला कल्याणहून बसने थेट मलंगगडाच्या पायथ्याशी नेलं आणि एका डोंगरावर चढवलं. नाव विचारलं तर म्हणाले, "डोंगराला नाव कशाला लागतं, तो काय रेशनकार्ड काढणार आहे?" परत आले तेव्हा माझ्या पायांत गोळे आले होते, आणि साखर म्हणाल तर माझ्यात काही गोड उरलेलंच नव्हतं. पुढच्या रविवारी मात्र काका खाली उतरायच्या आधीच मी गेटवर जाऊन उभी होते.

त्यांचा अवतार ठरलेला. ढगळ पँट, कॅनव्हासचे बूट, डोक्याला पंचा आणि पाठीवर स्वतःच्या मुलाची शाळेतली जुनी सॅक. सॅकवर कुठल्याशा कार्टूनचं स्टिकर होतं, त्याचा आता फक्त एक डोळा आणि अर्धं नाक उरलं होतं. काका कायम पुढे. मागे वळून बघायची पद्धत नाही. तुम्ही येताय का, पडलात का, मेलात का, ते पायांच्या आवाजावरून ओळखायचे. थांबायचं ते पाण्यापुरतं. भाकरी-चटणी उभ्यानेच. मी एकदा दगडावर टेकले तर म्हणाले, "बसायला घरी सोफा आहे की. डोंगर कुठे पळत नाही, पण आपण बसलो की दिवस पळतो." असल्या वाक्यांवर त्यांना काकूंकडून कधी दाद मिळाली नव्हती, त्यामुळे सगळी माझ्यासाठी साठवलेली असत.

एकदा आम्ही ठाण्याला येऊरच्या जंगलात गेलो. तिथे आखीव निसर्गवाट होती, दोन्ही बाजूंना माहितीचे फळे, बसायला बाकं. बाकं बघूनच काकांचं तोंड कडू झालं. पण फळे त्यांनी एकूण एक वाचले, जागच्या जागी पाय हलवत. एका फळ्यावर लिहिलं होतं, 'येथे क्षणभर थांबा. जंगलाचा आवाज ऐका.' त्याच फळ्याखाली एक कुटुंब स्पीकर लावून ढोकळा खात बसलं होतं. काका मला म्हणाले, "बघितलंस? फळा लागला की झालं. ऐकायचं काम आता फळ्याचं." मी म्हटलं, मग काढता का हाही? तर कानाला हात लावून म्हणाले, सरकारी वस्तूला हात लावायचा नाही, एवढं आपण नोकरीत शिकलो.

'हाही' असं मी म्हटलं, कारण काका बाकीचं सगळं काढून टाकत असत. त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा हीच.

डोंगरात हौशी लोकांचे ग्रुप येतात हे तुम्हाला माहीत असेल. एका रंगाचे टी-शर्ट, पुढे एक लीडर, मागे एक शिट्टीवाला. मागून येणारा चुकू नये म्हणून हे लोक खडकांवर रंगाने बाण काढतात, झाडांना रिबिनी बांधतात. काका ते बाण पुसत. पँटच्या एका खिशात तारेचा ब्रश, दुसऱ्यात चिंधी, सॅकमध्ये थिनरची बाटली. बाण दिसला की दात-ओठ खाऊन घासायला बसायचे. हो, तेवढ्यापुरते बसायचे. मी बाटलीतलं पाणी ओतायचं. रिबिनी सोडवून घरी आणायचे आणि काकू त्यांनी पेपरची रद्दी बांधायच्या. त्यांचा रद्दीवाला एकदा मला जिन्यात म्हणाला, वरच्यांकडे एवढे वाढदिवस कोणाचे असतात?

मला हे पटत होतं असं नाही. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर एकदा एका लीडरने काकांना खिशातल्या ब्रशसकट ओळखलं. पोरगा सभ्य होता. म्हणाला, "काका, आमच्यासोबत फर्स्ट टाइमर असतात. कोणी चुकलं तर जबाबदारी कोणाची?" काका म्हणाले, "ज्याचे डोळे त्याची." पोरगा म्हणाला, "असं नसतं ना, काका," आणि दोघांच्याही चहाचे पैसे देऊन निघून गेला. परतीच्या बसमध्ये मी सांगून टाकलं की तो पोरगा बरोबर होता. काका दांडा धरून उभे होते, सीट रिकामी असूनही. नेवाळी नाका गेला. मग त्यांनी मला कारखान्याची गोष्ट सांगितली.

काका विठ्ठलवाडीच्या पलीकडे एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. जमिनीवर पिवळे पट्टे मारायचे, भिंतींवर बाण काढायचे, 'बाहेर जाण्याचा मार्ग' असं लिहून घ्यायचं, ही त्यांची नोकरी. एक दिवस पॅकिंगच्या खात्यात आग लागली. आग लहानच होती, धूर फार झाला. माणसं पळाली ती बाणाकडे. बाणाच्या टोकाला जे दार होतं, त्याला मालमोजणीसाठी म्हणून कोणीतरी कुलूप घातलेलं. माणसं त्या दाराला धडका मारत राहिली. शेजारी ट्रक लावायचं मोठं शटर सताड उघडं होतं. तिकडे कोणी बघितलंच नाही. सगळे वाचले, पण एकाच्या छातीत धूर इतका गेला की तो पुन्हा कामावर आला नाही.

"बाण मीच काढलेला," काका म्हणाले. "सुंदर काढला होता. माणूस बाण बघतो ना, तेव्हा बाकीचं बघायचं बंद करतो. उघडं शटर दिसत नाही त्याला. आता बोल."

टपरीवरचा पोरगाही बरोबर होता आणि हेही बरोबर होते. दोघंही बरोबर असले की माझं डोकं दुखतं.

मुलाबद्दल मात्र ते बोलत नसत. ते सगळं मला काकूंकडून कळलं. एकुलता एक. चालायला लागला तसा काकांनी त्याला डोंगरात न्यायला सुरुवात केली. दर रविवारी. बाकीची मुलं मैदानात क्रिकेट खेळत असायची आणि हा बापामागे सॅक घेऊन. कॉलेजला गेल्यावर एका रविवारी तो उठून म्हणाला, मी नाही येत. काका "बरं" म्हणाले, सॅक स्वतःच्या पाठीला लावली आणि गेले. भांडण नाही, आदळआपट नाही. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. "दोघांनी भांडायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "मी किती वर्षं वाट बघतेय."

मुलगा आता घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहायचा. आयटीत होता. खिडकीतून सगळं जंगल दिसतं म्हणे, म्हणून फ्लॅट महाग. त्या जंगलात पाय कधी टाकला नव्हता. शनिवारी संध्याकाळी काका त्याला फोन करायचे. ते गॅलरीत येरझाऱ्या घालत बोलायचे, त्यामुळे त्यांचं अर्धं संभाषण मला पाठ असायचं. "जेवलास का? ट्रॅफिक होतं का? तिकडे पळस फुललाय, मागच्या आठवड्यात बघितला. हो का. हो का. मग उद्या काय?" आणि मग नुसती पावलं. उद्या त्याला काही ना काही काम असायचंच. मग "आईला देतो." काकांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे हा मुलगा एका रविवारी आपणहून बरोबर यावा. सगळ्या बिल्डिंगला कळत होतं. काकू म्हणायच्या, सरळ विचारा की त्याला. काका म्हणायचे, "तो मोठा झालाय. यायचं असेल तर येईल." डोंगरात तुरुतुरु चालणाऱ्या ह्या माणसाला एवढं एक पाऊल टाकता येत नव्हतं, याचा मला मनापासून राग यायचा.

आता त्या रविवारचं सांगते.

थंडी संपत आली होती. आमच्याकडे सत्यनारायण होता आणि काकूंनी काकांना शपथ घालून घरी ठेवलेलं. आदल्याच रविवारी आम्ही त्या बिननावाच्या डोंगरावर जाऊन आलो होतो. तिथे अर्ध्या चढावर दोन वाटा फुटतात. रुंद दिसते ती गुरांची, पाण्यासाठी नाळेत, म्हणजे डोंगराच्या घळीत, उतरते आणि पुढे कातळात संपते. खरी वाट अरुंद आहे, कारवीच्या झुडपांतून वर पठारावर जाते. फाट्यावरच्या खडकावर कोणीतरी पांढराधोप बाण काढलेला, काकांनी तो निगुतीने घासून काढला होता. खडकाच्या खळग्यांत थोडा रंग राहिला, तो काही निघेना. काका चुटपुटत घरी आले होते.

तर पूजा झाली, आरती झाली. काका हातात प्रसादाचा द्रोण घेऊन पाहुण्यांमधून फिरत होते, पाहुण्यांना चुकवत. जेवणं आटोपता आटोपता त्यांचा फोन वाजला. मुलगा होता. रविवारी दुपारी त्याचा फोन म्हणजे आक्रीतच. काकांनी स्पीकर चालू केला, कारण त्यांना हल्ली कानाला लावून नीट ऐकू येत नसे. आवाज तुटत होता.

"बाबा, आपल्या त्या मलंगच्या बाजूच्या डोंगरावर आहे मी. ऑफिसचे तिघं आहेत सोबत. खाली उतरता येत नाहीये. नाळेत आहोत कुठेतरी. एकीचा पाय गेलाय, सुजलाय खूप. नेटवरच्या फोटोत खडकावर बाण होता, बाबा. इथे बाणच नव्हता."

फोन तुटला. घरात उदबत्तीचा वास, मुलांचा गलका, आणि काका उभे. हलत नव्हते. आम्ही राहायला आल्यापासून मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांना बाणाचं ठाऊक होतं, रिबिनी त्यांच्याच घरात होत्या.

माझ्या नवऱ्याने अंगावरचं सोवळं तसंच ठेवून गाडी काढली. काका पुढे, मी मागे. काटई नाक्यापासूनच गाड्यांची रांग. कोणाची तरी वरात, कुठे रस्ता खणलेला. गाडी जरा थांबली की काका दार उघडून उतरायचे आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागायचे. वाट मोकळी झाली की आम्ही त्यांना मागून गाठायचो, हाताला धरून आत घ्यायचो. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. नवरा एकदा वैतागून म्हणाला, काका, चालत पोचणार आहात का? काका म्हणाले, "बसवत नाही रे." त्यांच्या हातात अजून प्रसादाचा द्रोण होता.

सारखं एकच डोक्यात होतं, उजेड. पायथ्याशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. टपरीवाल्याला सांगितलं, त्याने टपरी तशीच सोडून दोर घेतला आणि तो आमच्यासोबत निघाला. काका पुढे. मी त्यांच्या मागे इतक्या रविवारी चालले होते, पण त्या दिवशीची चाल वेगळी होती, त्यांना श्वास पुरत नव्हता आणि तरी वेग कमी होत नव्हता. फाट्यावर आलो. काकांनी त्या खडकाकडे मान वळवली नाही. सरळ नाळेत उतरले आणि तोंडाशी हात धरून मुलाच्या नावाने हाक मारली. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा वरून, खूप वरून, "बाबा" ऐकू आलं. मी तिथेच रडले. सांगायला लाज कसली.

ते चौघं कातळाच्या वर एका कपारीत होते. चढून गेले होते, आता उतरता येत नव्हतं. टपरीवाला बाजूने वर चढला, दोर बांधला, एकेकाला सोडलं. काका खाली उभे राहून प्रत्येकाच्या पायाखाली हात धरत होते. पाय दुखावलेली मुलगी, त्याच्या ऑफिसातली, शेवटून दुसरी आली. सगळ्यात शेवटी मुलगा. त्याने खाली उतरल्यावर बापाकडे बघितलं, काकांनी त्याच्या दंडावरची माती झटकली. एवढंच. मग त्या मुलीला दोघादोघांनी आलटून पालटून आधार देत फाट्यापर्यंत आणलं. समोरच्या डोंगरावर अजून ऊन होतं. तिला जरा टेकवलं, नेमकं त्याच खडकावर.

मुलाने खडक बघितला. बोटाने चाचपला. खळग्यांतला पांढरा रंग त्याच्या नखात आला.

"बाबा, हे तुम्ही पुसलंत ना?"

"हो," काका म्हणाले.

"कधी?"

"गेल्या रविवारी."

टपरीवाला दोर गुंडाळत राहिला. मला वाटलं आता हा ओरडेल, आणि ओरडायला हवंच होतं. मैत्रिणीचा पाय गेलेला, अख्खा दिवस जीव टांगणीला लागलेला, आणि कारण काय, तर बापाची तऱ्हा. तो ओरडला नाही. खडकाकडे बघतच बोलला.

"सकाळी ह्यांना मी सांगितलेलं, बाण-बिण लागत नाही, मला येते ही वाट. लहानपणी दर रविवारी यायचो. इथे येऊन उभा राहिलो आणि काही आठवेना. एक झाड नाही, एक दगड नाही. ब्लँक. मग ह्यांनी नेटवर फोटो शोधला, तर त्यात बाण. सगळं आठवून बघितलं, बाबा. मला आठवत होती फक्त तुमची पाठ. घामाचा शर्ट आणि पुढे पुढे जाणारी तुमची पाठ. मी वाट कधी बघितलीच नाही. तुमच्याकडे बघत चालायचो."

काकांकडे लीडरसाठी उत्तर होतं, येऊरच्या फळ्यासाठी उत्तर होतं, माझ्यासाठी तर रोजची दोन. मला कारखान्याचं ते दार आठवलं आणि मी पटकन दुसरीकडे बघायला लागले, कारण त्यांनाही तेच आठवलं असणार हे मला कळत होतं. मग ते पुढे झाले, त्या मुलीचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "चल बाळ, उजेड आहे तोवर उतरू." उतरताना पहिल्यांदा मी काकांना सगळ्यांच्या मागे राहिलेलं पाहिलं.

त्यानंतर काही दिवस आमच्या डोक्यावर अगदी सामसूम होती. मला झोप लागेना. शेवटी मी वर गेले, तक्रार करायलाच म्हणा. काकू दारात कुजबुजल्या, "बसलेत. दोन कप चहा झाला, बसलेत. मला भीती वाटतेय गं." आत काका खुर्चीवर बसले होते, पाहुण्यांसारखे, अगदी कडेला. मी विचारलं, रविवारी जायचं का. ते म्हणाले, "जाऊ. पण पुढे तू."

हे प्रकरण मला महागात पडलं. मला डावं-उजवं कळत नाही, मी पुढे म्हणजे सगळेच खड्ड्यात. करवंदीच्या जाळीत शिरले, एका शेतकऱ्याच्या गोठ्यात शिरले, एकदा तर ज्या रस्त्याने बस आली त्याच रस्त्यावर मोठ्या अभिमानाने परत आले. काका मागून एक शब्द बोलत नसत. त्यांचे पाय चुळबुळत, घशातून आवाज निघत, वाट चुकली की श्वास मोठा होई, पण शब्द नाही. मी नवऱ्याला सांगितलं, याच्यापेक्षा ते म्हणी ऐकवायचे ते बरं होतं. ब्रश त्यांनी आणणं सोडलं. फाट्यावर कोणीतरी पुन्हा बाण काढला, आधीपेक्षा मोठा. काका त्याच्या बाजूने असे निघून गेले, जसं भांडलेल्या नातेवाइकाच्या दारावरून जातात.

मी एकदा विचारलं, मग बाण बरोबर की चूक? ते बराच वेळ चालले. म्हणाले, "मला वाटायचं मी बाण पुसतोय."

मुलाचा फोन यायला बरेच आठवडे गेले. त्या मुलीचा पाय बरा झाल्याचं त्याने काकूंना कळवलं होतं, पण काकांशी बोलला नव्हता. शनिवारची संध्याकाळ होती, मी खाली गॅलरीत कपडे काढत होते. वर काकांचा आवाज. "हो. हो. जेवलो." मग तीच नुसती पावलं. मी टॉवेल हातात धरून उभी. मग काका म्हणाले, "उद्या? उद्या बारवीकडे. तिकडच्या जंगलात. का रे?" आणि त्यानंतर माझ्या डोक्यावर पावलांचा जो काही गोंधळ सुरू झाला, तो मध्यरात्र झाली तरी थांबेना. मी तक्रार केली नाही.

बदलापूरला आम्ही भेटलो. मुलगा नव्या बुटांत आला होता. काकांनी त्याला सॅक देऊ केली, तो म्हणाला नको, असू दे तुमच्याकडे. दोघं बाप-लेक एकमेकांशी इतके सांभाळून बोलत होते, जसं लग्न ठरवायला आलेत. मीच आपली बडबड करत होते. जंगलात शिरलो तशी काकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो थबकला. मग पुढे झाला.

सागाची पानं गळून जमिनीवर पडली होती, पाऊलवाट त्यांच्याखाली अर्धीअधिक झाकलेली. मुलगा पुढे, त्याच्या मागे काका, मागे मी. काकांना मागे राहवत नव्हतं, सारखे त्याच्या टाचांना लागत होते, मग स्वतःला आवरून मागे येत होते. एका ठिकाणी वाट संपल्यासारखी झाली. एकीकडे उतार, एकीकडे बांबूची गर्दी, सगळीकडे तीच पानं. मला काकांच्या मानेवरून कळत होतं की त्यांना ही जागा तळहातासारखी ठाऊक आहे. मुलगा उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मागे वळला.

"बाबा, कुठून?"

काकांचा उजवा हात वर यायला लागला होता. मी बघितलं. तो त्यांनी डाव्या हाताने धरला आणि खाली आणला.

"मला नाही रे आठवत," ते म्हणाले.

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच वाकला, पायापुढची दोन पानं बाजूला केली आणि जमिनीकडे बघायला लागला.